6,100 मीटरचं बर्फाळ शिखर, हातात पाच महिने : तयारी कुठून सुरू करावी?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. चौघांचा गट आहे, 6,100 मीटरच्या शिखरावर जायचं ठरतंय. वाटेत हिमनदी आहे, शेवटचा साधारण 200 मीटरचा टप्पा 35 ते 40 अंश उताराचा आणि तिथे फिक्स्ड रोप (आधीच बर्फात पक्का बांधलेला दोर) लागतो. चौघांनी 4,500 मीटरपर्यंतचे ट्रेक केले आहेत, क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे दाते) मात्र कोणीच बांधलेले नाहीत. मोहिमेआधी चार दिवसांचा बर्फावरचा सराव शिक्षकासोबत ठरलेला आहे.

कार्यक्रम असा : पहिल्या दिवशी गाडीने 2,800 मीटर, दुसऱ्या दिवशी 3,600, तिसऱ्या दिवशी बेस कॅम्प 4,300. चौथा दिवस विश्रांती. पाचव्या दिवशी कॅम्प एक, 5,200. सहाव्या दिवशी समिट करून परत बेस कॅम्प. सातवा परतीचा, आठवा राखीव.

प्रश्न : हा कार्यक्रम चालेल का? आठवड्याला तीनदा 10 किलोमीटर पळणं पुरेसं आहे का? आहेत त्या चामड्याच्या ट्रेकिंग बुटांत जाड मोज्यांचे दोन जोड घालून भागेल का? डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) पहिल्या दिवसापासून घ्यावी का? आणि नवखे लोक हमखास काय विसरतात?

हिमरेषा

व्यायाम, बूट, गोळ्या सगळं नंतर. आधी हा कार्यक्रम रद्द करा.

मुक्कामाच्या उंचीकडे बघा. 2,800 वरून 3,600 म्हणजे एका रात्रीत 800 ची उडी, मग 700 ची, आणि एका विश्रांतीनंतर 900 ची. सर्वमान्य नियम असा की 3,000 मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसा कितीही वर जाऊन या, हिशोब झोपायच्या जागेचा.

कारण समजून घेतलंत तर नियम पाळायला सोपा जाईल. हवेतला ऑक्सिजन वरही 21 टक्केच असतो, कमी होतो तो दाब. 5,500 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा, म्हणजे त्याच श्वासात निम्माच ऑक्सिजन. शरीर पहिल्या तासापासून श्वास वाढवतं. पण भराभर श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदूतली यंत्रणा श्वास पुन्हा आवरता घेते. मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकून हा अडसर काढतात, आणि त्याला काही दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे जातात, तोवर तुम्ही घरी परतलेले असाल. 10 किलोमीटर पळणाऱ्याची मूत्रपिंडं न पळणाऱ्यापेक्षा भरभर काम करत नाहीत. उलट दम टिकतो म्हणून तो वेगाने वर जातो आणि गटात सगळ्यात आधी तोच आजारी पडू शकतो.

माझ्या मते तुमच्यासाठी असं बसवता येईल : 2,800 वर दोन रात्री. मग 3,300. मग 3,800 वर दोन रात्री, त्यातल्या दुसऱ्या दिवशी 4,300 पर्यंत जाऊन उतरायचं. सहाव्या रात्री बेस कॅम्प 4,300. सातव्या दिवशी 5,200 पर्यंत सामान पोचवून खाली येऊन झोपायचं. आठवा दिवस निव्वळ आराम. नवव्या रात्री 5,200, दहाव्या दिवशी समिट आणि परत बेस कॅम्प. अकरावा आणि बारावा हवामानासाठी राखीव, त्यानंतर परतीचा प्रवास, असे एकूण 14 दिवस. 4,300 ते 5,200 ही 900 ची उडी इथेही राहतेच, कारण मध्ये कॅम्प नाही. पण तिच्याआधी त्या उंचीला एकदा शिवून आलेलो असतो, एक आरामाचा दिवस मिळालेला असतो, आणि 2,800 पासूनची सरासरी रात्रीला 350 च्या आत येते. आठ दिवसांच्या कार्यक्रमात राखीव दिवस एकच आणि तोही परतीनंतर. वाऱ्याने एक सकाळ खाल्ली की मोहीम संपली.

रोज सकाळी आणि संध्याकाळी लेक लुईस गुणांकन करा. डोकेदुखी, मळमळ किंवा उलटी, थकवा आणि गरगरणं या चारांना प्रत्येकी 0 ते 3 गुण. डोकेदुखीला निदान 1 आणि एकूण 3 किंवा जास्त, म्हणजे विरळ हवेचा त्रास सुरू झाला. झोप न लागणं हा मुद्दा 2018 च्या सुधारणेत काढून टाकला, कारण त्या उंचीवर धडधाकट माणसालाही नीट झोप लागत नाही. गुण एकाने दुसऱ्याला विचारून वहीत लिहायचे. स्वतःचे स्वतः दिले की समिट जवळ आल्यावर डोकेदुखी आपोआप बरी होते.

त्रास आहे तोवर वरच्या मुक्कामाला जायचं नाही. वाढतोय असं दिसलं तर खाली.

चढउतार

हिमरेषा यांना +१. व्यायामाचं मी लिहितो.

पळण्याने हृदय-फुप्फुसं तयार होतात, पण 15 किलोची सॅक घेऊन सहा तास चढायला आणि मुख्य म्हणजे तीन तास उतरायला जे स्नायू लागतात ते तयार होत नाहीत. तीनपैकी दोन दिवसांचं पळणं चढाईला द्या. वेग असा की पूर्ण वाक्य न तोडता बोलता आलं पाहिजे. बहुतेकांना हा वेग लाजिरवाणा वाटतो आणि तिथेच घोळ होतो. रोज मध्यम धाप लागेपर्यंत चढलं की ना दम फारसा वाढतो, ना ताकद, थकवा मात्र साठतो.

पहिले सहा आठवडे पाठीवर 6 ते 8 किलो आणि आठवड्याची एकूण चढाई 600 ते 800 मीटर. पुढचे आठ आठवडे वजन हळूहळू 12 ते 15 किलोवर आणि चढाई 1,500 मीटरवर न्या. या काळात दर पंधरा दिवसांनी लागोपाठ दोन दिवस लांब चाल करा, कारण थकलेल्या पायांवर दुसऱ्या दिवशी चालणं हा वेगळाच सराव आहे. त्यानंतरचे चार आठवडे दर आठवड्याला एक दिवस सहा ते आठ तासांचा, 1,200 मीटरच्या आसपास चढाईचा. शेवटचे दोन आठवडे व्यायाम निम्म्यावर आणा. ऐन निघताना जोर मारून काही पदरात पडत नाही, गुडघा मात्र दुखावतो. दर चौथा आठवडा हलका ठेवायला विसरू नका.

डोंगर जवळ नसेल तर जिना. एक मजला साधारण 3 मीटर धरा, म्हणजे 100 मजले म्हणजे 300 मीटर. वजन म्हणून पाण्याचे कॅन भरून न्या आणि वर ओतून द्या. चढताना भार मिळतो, उतरताना गुडघे वाचतात. शेवटच्या महिन्यात मात्र भारासकट उतरण्याचाही सराव हवा, नाहीतर समिटनंतर मांड्या साथ सोडतात. अपघात उतरतानाच जास्त होतात.

ताकदीसाठी दोनच व्यायाम मनापासून करा. 20-25 सेंटीमीटर उंच पायरीवर एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच तीन सेकंदांत सावकाश जमिनीला टेकवायची, टेकली की वर. प्रत्येक पायाला 10 चे तीन संच. दुसरा, पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवूनही. क्रॅम्पॉनच्या पुढच्या दातांवर उभं राहताना सगळा भार पोटऱ्यांवर येतो.

कसोटी : निघण्याच्या महिनाभर आधी 12 किलो घेऊन तासाला 300 मीटर या वेगाने सलग तीन तास चढता आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागला नाही, तर पाय तयार आहेत.

ते तोंडाला बांधायचे ट्रेनिंग मास्क घेऊ नका. ते फक्त हवा आत यायला अडथळा करतात, हवेचा दाब कमी करत नाहीत. उंचीची सवय त्याने होत नाही.

रक्ताची तपासणी आत्ताच करा : हिमोग्लोबिन आणि फेरिटिन. लोहाचा साठा कमी असेल तर तो भरायला दोन-तीन महिने लागतात, शेवटच्या आठवड्यात कळून उपयोग शून्य. तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या नकोत. दातही दाखवून घ्या. किडलेला दात थंडीत आणि कमी दाबात ठणकायला लागला तर बेस कॅम्पवर त्यावर इलाज नसतो.

पाऊलवाट

खूप आभार. 14 दिवसांना तिघे तयार आहेत, चौथ्याला रजेचं जमवावं लागेल. डायमॉक्सबद्दल दोन अगदी उलट मतं ऐकली. एक म्हणतो सगळ्यांनी घ्यावी, दुसरा म्हणतो ती लक्षणं झाकते. शिवाय ऑक्सिमीटर न्यावा का?

मात्रा

ती लक्षणं झाकते हा गैरसमज. डायमॉक्स म्हणजेच ॲसिटाझोलामाइड मूत्रपिंडांकडून बायकार्बोनेट बाहेर काढायचं काम लवकर करून घेते, म्हणजे हिमरेषा यांनी वर सांगितलेल्या प्रक्रियेलाच वेग देते. झाकण्याचं काम डेक्सामेथासोन करतं. ते उंचीची सवय करून देत नाही, नुसतं बरं वाटायला लावतं, आणि वर असताना थांबवलं की त्रास उसळून येतो. म्हणून ते वर चढण्यासाठी घ्यायचं औषध नाही.

प्रतिबंधासाठी प्रौढांना 125 मिलिग्रॅम दर 12 तासांनी, चढाईच्या आदल्या दिवसापासून. जास्त घेऊन फायदा फारसा वाढत नाही, बोटांना मुंग्या आणि लघवीच्या फेऱ्या वाढतात. सोडा घातलेली पेयं बेचव लागतात, त्याने घाबरू नये. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हात लावू नका. कोणाला चालते हे घरीच दोन दिवस घेऊन बघा, तंबूत पहिला प्रयोग नको.

तुमच्या 14 दिवसांच्या कार्यक्रमात सगळ्यांनी घ्यायलाच हवी असं मला वाटत नाही. आधी 3,000 च्या वर त्रास झालेला असेल त्याने घ्यावी. आठ दिवसांचाच हट्ट असेल तर सगळ्यांनी, पण मग औषधाच्या भरवशावर चुकीचा कार्यक्रम रेटतोय हे माहीत असू द्या. झोपेच्या गोळ्या आणि दारू पूर्ण बंद. रात्री श्वास थांबून थांबून येतो, दचकून जाग येते. हे त्या उंचीवर नेहमीचं आहे, त्यात श्वास आणखी मंदावणारं काही पोटात नको.

दोन आजारांत वेळ हातात नसते. मेंदूला सूज आली की माणूस झिंगल्यासारखा चालतो, असंबद्ध बोलतो. सरळ रेषेत टाचेला बोटं लावत दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला तर गुण मोजत बसू नका. डेक्सामेथासोन आधी 8 मिलिग्रॅम, मग दर सहा तासांनी 4, आणि ताबडतोब उतरणं. फुप्फुसात पाणी झालं तर बसल्या जागीही धाप लागते, कोरडा खोकला येतो, पुढे गुलाबी फेसाळ थुंकी. हे बहुतेक वेळा नव्या उंचीवरच्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्री होतं, आणि डोकेदुखी अजिबात नसतानाही होऊ शकतं. ऑक्सिजन, रुग्णाला ऊब आणि 1,000 मीटर तरी खाली. ऑक्सिजन आणि उतरणं दोन्ही शक्य नसेल तर निफेडिपिन, हळूहळू सुटणारी 30 मिलिग्रॅमची, दर 12 तासांनी. रुग्णाला एकटं पाठवायचं नाही, सॅक त्याच्या पाठीवर ठेवायची नाही. या औषधांच्या मात्रा तुमच्या डॉक्टरांकडून प्रत्येकासाठी लिहून घ्या आणि त्या चिठ्ठीची प्रत प्रत्येकाच्या औषधांच्या पिशवीत ठेवा.

हवा भरायची दाबपिशवी असेल तर आत ठेवलेल्या माणसाला पंधराशे-दोन हजार मीटर उतरल्याएवढा दाब मिळतो. पण आतला कार्बन डायऑक्साइड घालवायला पंप सतत मारत राहावा लागतो, बाहेरच्यांना पाळ्या लावाव्या लागतात. ती खाली उतरवण्यापुरती उसंत देते, उतरण्याऐवजी चालत नाही.

ऑक्सिमीटर न्या, पण एका आकड्यावर जाऊ नका. 4,300 वर 85 च्या आसपास दिसलं तर नवल नाही. बोटं गार असली की तो काहीही दाखवतो. हात काखेत गरम करून, एक मिनिट शांत बसून, रोज त्याच वेळी वाचन घ्या. गटातल्या इतरांपेक्षा एकाचाच आकडा बराच खाली आणि सोबत धाप, ही जोडी महत्त्वाची.

टोकदार

बुटांवर सविस्तर लिहितो, कारण दोन जाड मोज्यांचा बेत बोटं घालवणारा आहे. आहे त्या बुटात दुसरा जाड मोजा कोंबला की पाय आवळला जातो, रक्त बोटांपर्यंत पोचत नाही, आणि एक मोजा घातला असता त्याहून पाय गार पडतो.

5,200 वर मुक्काम आणि मध्यरात्री चढाई असेल तर दुहेरी बूट घ्या : बाहेरचं कवच वेगळं, आतला मऊ बूट वेगळा. खरा फायदा रात्री कळतो. दिवसभराचा घाम एकेरी बुटाच्या अस्तरात मुरतो आणि पहाटेपर्यंत गोठतो. दुहेरीतला आतला बूट काढून स्लीपिंग बॅगेत घेता येतो, सकाळी तो कोरडा आणि उबदार असतो. काही जण म्हणतील की इन्सुलेशन असलेले एकेरी बूट 6,000 वर पुरतात. वारा नसेल, रात्र एकच असेल तर पुरतातही. राखीव दिवस धरून दोन-तीन रात्री वर काढायच्या असतील तर मी तो जुगार खेळणार नाही.

माप घेताना एक पातळ आणि एक जाड मोजा घालून जा, दुपारनंतर, पाय थोडे सुजलेले असताना. लेस न बांधता बोटं पुढे टेकवा, टाचेमागे एक बोट बसलं पाहिजे. मग लेस आवळून टोकाने जमिनीवर दहा-बारा ठोकरा मारा. अंगठा एकदाही पुढे आपटला तर मोठं माप बघा, कारण तीन तासांच्या उतारात त्याच नखाचं पाणी होतं. भाड्याने घेत असाल तर आतल्या बुटाचा तळ चेपलेला नाही ना आणि कवचाला बिजागरीजवळ तडा नाही ना हे बघा. जुनं प्लास्टिक वरून धडधाकट दिसतं आणि थंडीत फुटतं.

क्रॅम्पॉन बुटासोबतच निवडा. बुटाला पुढे आणि मागे दोन्हीकडे खाच असेल तर पुढे तारेचा आणि मागे खटक्याचा क्रॅम्पॉन. फक्त मागे खाच असेल तर पुढे पट्ट्याचा. कुठेच नसेल तर पूर्ण पट्ट्यांचा. मऊ तळव्याच्या ट्रेकिंग बुटावर ताठ क्रॅम्पॉन चढवला तर चालताना बूट वाकतो, दांडी वाकत नाही, आणि ती मध्येच तुटते किंवा क्रॅम्पॉन निसटतो. बसलाय का हे बघायला पट्टा न लावता बूट उचलून जोरात हलवा. पडला नाही तर माप बरोबर. पोलादी, 12 दातांचे घ्या. ॲल्युमिनियमचे हलके असतात, पण खडक आणि कडक निळा बर्फ त्यांचे दात लगेच बोथट करतात. खाली रबराची किंवा प्लास्टिकची पट्टी हवीच. ती नसेल तर दुपारच्या ओल्या बर्फाचा गोळा तळव्याला चिकटतो, दात बर्फापर्यंत पोचतच नाहीत. बोथट दात साध्या कानशीने घासा, ग्राइंडरने नाही. तापलं की पोलादाचं पाणी उतरतं.

बकल पायाच्या बाहेरच्या बाजूला. पट्ट्याचं लोंबणारं टोक हातमोज्यात धरता येईल इतकं ठेवून बाकीचं कापा आणि कापलेली कड लायटरने वितळवा. पाय नेहमीपेक्षा चार बोटं फाकवून टाका, नाहीतर एका पायाचे दात दुसऱ्या पायाच्या गेटरमध्ये (बुटावरून पोटरीपर्यंतच्या आवरणात) अडकतात आणि तोंडावर आपटायला तेवढं पुरतं. आता सराव. जाड हातमोजे घालून, डोळे मिटून, दोन्ही क्रॅम्पॉन चार मिनिटांत चढले पाहिजेत. घरी सतरंजीवर बसून करा. वर हे काम रात्री एक वाजता, वाऱ्यात, सॅकवर बसून करायचं असतं, आणि ज्याला जमत नाही तो हातमोजे काढतो. हात तिथेच जातात.

म्हणून हातमोजे : आत पातळ, त्यावर कामाचा जाड बोटांचा, त्यावर किंवा त्याऐवजी चारही बोटं एकत्र राहणारा मिटन. मिटनचा एक अख्खा जोड सॅकमध्ये जास्तीचा. दोन्ही हातांना मनगटाची दोरी हवी, कारण कड्याच्या कडेला काढलेला मोजा वारा तुमची परवानगी न घेता घेऊन जातो. बोट पांढरं, बधिर, मेणासारखं दिसलं तर चोळू नका, बर्फ तर अजिबात लावू नका. पुन्हा गोठण्याचा धोका टळला असेल तरच 37 ते 39 अंश कोमट पाण्यात धरा. वाटेत गरम करून पुढे परत गोठलं तर नुकसान दुप्पट.

आइस ॲक्स साधी, सरळ दांड्याची. हात सैल सोडल्यावर टोक घोट्यापर्यंत आलं की लांबी बरोबर. घसरल्यावर स्वतःला रोखण्याचा सराव सराव-शिबिरातच करा, हेल्मेट घालून, खाली दगड नसलेल्या उतारावर, पोटावर, पाठीवर आणि डोकं खाली अशा तिन्ही अवस्थांतून. शिकताना क्रॅम्पॉन काढून ठेवा. ते पायात असताना खरंच घसरलात तर गुडघे वाकवून पाय वर धरा. दात बर्फात रुतले तर तुम्ही उलटे फेकले जाल.

भांडंभर_बर्फ

विसरण्याचं विचारलंत. लोक स्टोव्ह आणतात, इंधनाचा हिशोब विसरतात.

शून्य अंशाचा बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून 80 अंशांपर्यंत तापतं. तुमच्या कॅम्प एकवर पाणी साधारण 83 अंशांनाच उकळतं, म्हणजे उकळण्याइतकंच इंधन आधी वितळवण्यात जातं. थंडी, वारा, भांड्यातून वाया जाणारी उष्णता धरून लिटरमागे 25 ते 30 ग्रॅम गॅस लागतो. चौघांना संध्याकाळ, रात्र आणि समिटच्या बाटल्या मिळून 14 लिटर धरा, म्हणजे 350 ते 420 ग्रॅम. राखीव रात्र धरून दुप्पट. 230 ग्रॅमची चार डबडी, त्यापेक्षा कमी नको. एका स्टोव्हवर 14 लिटरला तीन तासांहून जास्त जातात, म्हणून स्टोव्ह दोन. एक बिघडला तरी तहानेने माघारी यावं लागत नाही.

डबडीत काय आहे ते वाचा. साधा ब्युटेन शून्याच्या जरा खालीच वायू व्हायचा थांबतो, आयसोब्युटेन उणे 12 च्या आसपास, प्रोपेन उणे 42. वर हवेचा दाब कमी म्हणून काही अंशांची सूट मिळते. पण मिश्रणात आधी प्रोपेन जळून जातो आणि अर्धी भरलेली डबडी पहाटे हात टेकते. डबडी रात्री स्लीपिंग बॅगेत घ्या, वापरताना कोमट पाण्याच्या वाटीत उभी करा. डबडीवरच बसणाऱ्या स्टोव्हला चारी बाजूंनी वाराआडोसा लावू नका, डबडी तापून फुटू शकते. भांड्यात आधी दोन बोटं पाणी, मगच बर्फ. पाण्याशिवाय नुसता बर्फ टाकला तर तळाशी पोकळी होते, भांडं करपतं आणि पाण्याला जळका वास येतो. तंबूच्या तोंडाशी, दार उघडं ठेवूनच पेटवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याची डोकेदुखी अगदी उंचीच्या त्रासासारखीच असते.

पाण्याच्या पिशवीची नळी समिटच्या रात्री पहिल्या तासात गोठते. रुंद तोंडाच्या टणक बाटल्या न्या, लोकरी मोज्यात घालून, सॅकमध्ये उलट्या ठेवा. बर्फ वरून धरतो, बाटली उलटी असली की तो बुडाशी धरतो आणि झाकण मोकळं राहतं. दिवसाला तीन-चार लिटर बास. लघवी पांढरीशुभ्र करण्याच्या नादात सात-आठ लिटर ढोसणारे रक्तातलं सोडियम घालवून बसतात.

स्लीपिंग बॅगेवरचा कम्फर्टचा आकडा बघा, लिमिटचा नाही, आणि एक्स्ट्रीमचा तर वाचूच नका. तो झोपेचा नाही, कसंबसं जगण्याचा आकडा आहे. तितकंच महत्त्व मॅटला. बर्फावर आर-व्हॅल्यू (मॅट खालची थंडी किती अडवते त्याचं माप) 5 च्या वर हवी. दोन मॅटचे आकडे एकमेकांत मिळवता येतात, म्हणून खाली बंद फोमची आणि वर फुगवायची. फुगवायची फुटली तरी खालची उरते.

गाठ

दोराचं थोडक्यात, बाकी शिक्षक दाखवतील.

फिक्स्ड रोपवर हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) दोन जोडण्या : जुमार (दोरावर वर सरकणारी, खाली न घसरणारी पकड) आणि वेगळ्या पट्ट्यावर लॉकिंग कॅराबिनर (कुलूपबंद होणारी कडी). खुंटीपाशी आधी कॅराबिनर काढून खुंटीच्या पलीकडे लावा, मग जुमार. कोणत्याही क्षणी एक तरी दोरात अडकलेला पाहिजे. चुकीचा क्रम वाळवंटासारख्या सपाट जागीही होऊ देऊ नका, कारण बोटांना सवय तीच लागते. आधीच लावलेल्या दोरावर आंधळा विश्वास नको. उन्हाने पांढरट पडलेला, कडक झालेला किंवा आवरण फाटून आतले धागे दिसणारा दोर दिसला तर त्यावर भार देऊ नका.

हिमनदीवर चौघे एका दोरावर, दोघांमध्ये आठ-दहा मीटर. दोर बर्फाला जेमतेम टेकेल इतकाच सैल. मधल्यांनी हातात वेटोळी धरून चालणं ही नवख्यांची आवडती खोड. पुढचा हिमभेगेत गेला तर ती सगळी वेटोळी सुटेपर्यंत तो पडत राहतो. उतरताना डिसेंडरखाली (दोरावरून उतरायच्या साधनाखाली) 6 मिलिमीटर दोरीची प्रुसिक (भार आला की दोराला आवळणारी गाठ) आणि दोराच्या शेवटाला गाठ.

हिमरेषा

समिटच्या वेळेचा हिशोब राहिलाय. 5,200 ते 6,100 म्हणजे 900 मीटर. त्या उंचीवर पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तासाला 120 ते 150 मीटरच धरावेत, म्हणजे सहा ते साडेसात तास. रात्री एकला निघालात तर सात ते साडेआठला वर. परत फिरायची वेळ सकाळी 10, ती आदल्या दिवशी बेस कॅम्पवरच ठरवून सगळ्यांनी लिहून ठेवायची. 10 वाजता शिखर 50 मीटरवर असलं तरी वळायचं. ऊन चढल्यावर बर्फ मऊ होतो, हिमभेगांवरचे पूल खचतात, दगड सुटतात, आणि हवामान बिघडतं तेही बहुधा दुपारीच. दर तासाला 150 ते 200 कॅलरी पोटात गेल्या पाहिजेत, भूक असो नसो. ज्यांना पिष्टमय पदार्थ चालतात त्यांनी तेच खावेत, तेवढ्याच ऊर्जेला ऑक्सिजन कमी लागतो. खाऊ आतल्या खिशात, नाहीतर दगड होतो.

विम्याचा कागद बारकाईने वाचा. कमाल उंची किती आणि दोर-क्रॅम्पॉन वापरून केलेली चढाई धरली आहे का, हे दोन्ही. ट्रेकिंगचा विमा बहुधा या दोनांपैकी एका ठिकाणी हात वर करतो.

अवांतर : हेडलॅम्पला लिथियमचे सेल घाला, साधे अल्कलाइन थंडीत लवकर मान टाकतात.

पाऊलवाट

चौथ्याची रजाही मंजूर झाली, 14 दिवस नक्की. शेवटचा प्रश्न : गटातल्या एकाला उणे 5 चा चष्मा आहे. काळ्या चष्म्याचं काय करावं?

मात्रा

दर 1,000 मीटरला अतिनील किरणं साधारण 10 टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली 80 टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणून हिमनदीवर कॅटेगरी 4 चाच (सगळ्यात गडद काचेचा) चष्मा, बाजूंना झाकणं असलेला. त्याच नंबरच्या काचा बसवून मिळतात, पण बनायला वेळ लागतो, आत्ताच द्या. रोज फेकायच्या लेन्स हा दुसरा मार्ग. त्या रात्री स्लीपिंग बॅगेत ठेवायच्या, गोठू द्यायच्या नाहीत, आणि बोटं स्वच्छ नसतील तर त्या दिवशी लावायच्या नाहीत. पहाटे अंधारात काळी काच चालत नाही म्हणून नंबरचा साधा चष्मा वेगळा, आणि त्यावर बसेल असा मोठा गॉगल वादळासाठी. गॉगल कपाळावर सरकवू नका, घामाची वाफ आत धरते आणि मग पुसायला गेलात की ओरखडे.

बुबुळावर चिरे देऊन नंबर घालवायची जुनी शस्त्रक्रिया कोणाची झाली असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका. त्या डोळ्यांचा नंबर उंचीवर बदलतो. 1996 मध्ये एव्हरेस्टवर बेक वेदर्स यांना याच कारणाने वाटेत दिसेनासं झालं होतं. लेझरने केलेल्या लॅसिकमध्ये हा फरक बराच कमी असतो, पण शस्त्रक्रिया ताजी असेल तर तेही विचारून घ्या.

आणि गटात मिळून एक जादा कॅटेगरी 4 चष्मा. हिमांधत्व सहा ते बारा तासांनी जाणवतं, म्हणजे चष्मा हरवल्याची किंमत रात्री तंबूत कळते. ऐन वेळी काहीच नसेल तर पुठ्ठ्याला किंवा चिकटपट्टीला बारीक आडवी चीर पाडून डोळ्यांवर बांधा, उतरण्यापुरतं भागतं.